राहीआत्याचं मत

आमच्या गल्लीतल्या गयाबाईंनी मतपत्रिकेवर अंगठा उमटवला नव्हता. ज्यांनी त्यांना आयुष्यभर त्यावरून बोल लावला, त्यांतले बरेच आता नाहीत. गयाबाईही नाहीत. पण त्यांची लेक निलंग्यात आहे, नातवंडं आहेत, आणि गावात अजूनही कुणी हातातलं सोपं काम बिघडवलं की लोक "हा बघा, गयाबाईचा अंगठा" असं म्हणून हसतात. तो अंगठा दुसऱ्या बाईचा होता. तो तिथं का उमटला, हे एकट्या मला माहीत होतं. आता माझ्याकडे दिवस थोडे आहेत, म्हणून आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टी मागे ठेवून हे आधी लिहून काढतो.

त्या वर्षी आमच्याकडे पाऊस आलाच नाही, असं नाही. तो सुरुवातीला दोनदा येऊन गेला, लोकांना पेरायला लावलं, आणि मग फिरकला नाही. त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला होता. आधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची, आता लातूरची. तेवढ्यानं आपलं नशीब जवळ आलं, असं लोकांना वाटायचं. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. त्याचा हॉर्न माळावरून ऐकू आला की बायका तव्यावरची भाकर तशीच टाकून घागरी घेऊन पळत. टँकर पाणी सोडायचा बाजारगल्लीतल्या आडात. तिथून पोहऱ्यांचा धपाधप आवाज सुरू व्हायचा, आणि आमच्या गल्लीचा नंबर लागेपर्यंत पोहऱ्यात गढूळ पाणी आणि खाली बोटभर गाळ यायचा. माझी माय ते पाणी लुगड्याच्या धडप्यातून दोनदा गाळायची. त्या पाण्यात शिजवलेल्या आमटीला मातीचा वास यायचा. येसर मसाला कितीही टाका, तो वास जायचा नाही. आज माझ्या लातूरच्या घरात फिल्टरचं पाणी येतं. पण उन्हाळ्यात कधीतरी रिकामी घागर उन्हात तापली की तो वास मला अजून येतो.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. घरात बा, माय, मी आणि आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली माझी बायको कमल. बा गावात पहिल्यांदा बुद्धवंदना शिकलेल्या माणसांपैकी. कडक माणूस. मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. अशा घरात राहीआत्या आली. राहीआत्या म्हणजे बाची धाकटी बहीण. तिचा नवरा किनवटकडे जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. तो वारला तेव्हा ती पदराला चारोळ्या बांधून, एक पत्र्याची पेटी आणि आपला मुलगा गौतम याला घेऊन कायमची माहेरी आली. गौतम माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. किनवटला वसतिगृहात राहून शिकलेला, मग नांदेडला कॉलेज करून बी. ए. झालेला. नोकरी नव्हती, पण ती नसल्याचं ओझं त्याच्या खांद्यावर कधी दिसलं नाही.

बाला हसता येतं, हे मला गौतम आल्यावर कळलं. एक दिवस उशिरानं येणारा पेपर गौतम मोठ्यानं वाचायचा, मधेच थांबून एखाद्या मंत्र्याच्या बोलण्याची नक्कल करायचा, आणि बा मांडीवर थाप मारून हसायचा. मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आलेला, दारात हात धूत असायचो. जेवायला बसताना आधी बाचं ताट, मग माझं, असा आमच्या घरचा क्रम होता. कुणी काही न ठरवता तो बदलला. माय आधी बाला, मग गौतमला वाढू लागली. "पाव्हणा हाय रं," ती मला हळूच म्हणायची. पाहुणा सहा महिने पाहुणा राहिला. शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार सोडायची ती आधी त्याच्या ताटात. माझ्या ताटात येईपर्यंत वाटीत थेंब उरायचे. हे मी मोजत होतो, याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. आणि कमल! कमल माझ्यासमोर पदर सावरून मान खाली घालून बसायची, पण गौतम काही बोलला की चुलीशी बसल्या बसल्या तिचे खांदे हलायचे. एकदा मी तिला विचारलं, "एवढं काय हसायचं त्याच्यात?" ती म्हणाली, "भावजी बोलतेतच तसं." त्यात दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून जे जळतं ते जास्त जळतं.

गल्लीत तर तो महिन्याभरात सगळ्यांचा झाला. कुणाचा पगार थकला, कुणाचं रेशनकार्ड हरवलं, की "गौतम, जरा अर्ज लिहून दे की." तो ओट्यावर मांडी घालून लिहायचा आणि लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचा. आपलंच गाऱ्हाणं इतक्या चांगल्या शब्दांत ऐकून म्हातारी माणसं डोळे पुसायची. लातूरच्या नव्या कचेरीत शिपायांच्या जागा निघाल्या, तेव्हा माझाही अर्ज त्यानंच लिहिला. मी सांगितलं नव्हतं. लिहून आणून माझ्यासमोर धरला, "नामा, इथं सही कर." मी सही केली, पण आभार मानले नाहीत.

मग आमच्या वॉर्डातला ग्रामपंचायतीचा मेंबर वारला आणि ती एक जागा रिकामी झाली. एरवी अशा निवडणुकीकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण पंचायतीत सात मेंबर. उरलेले सहा, तीन इकडे आणि तीन तिकडे. आणि नेमका त्याच वेळी नव्या जिल्ह्याकडून गावाला एक बोअर मंजूर झाला होता, हातपंपासकट. तो बाजारगल्लीत घ्यायचा की आमच्या गल्लीत, याचा ठराव पंचायत करणार होती. म्हणजे सातवा मेंबर ज्या बाजूचा, पाणी त्या बाजूला. आमच्या वॉर्डात दोन्ही गल्ल्या येत होत्या. बाजारगल्लीतून शिवलिंगअप्पा उभे राहिले. किराणा दुकानदार, कपाळाला भस्म, तोंडात साखर. माणूस वाईट नव्हता, हे इथं लिहिलंच पाहिजे. दुष्काळात त्यांनी कुणाला ज्वारी नाकारली नाही. पण ते त्यांच्या गल्लीसाठी उभे होते, आम्ही आमच्यासाठी.

आमच्या गल्लीतून कोण, याची बैठक आमच्याच ओट्यावर झाली. मी पाण्याच्या दोन घागरी घेऊन आलो तेव्हा माणसं बसलेली होती. मला वाटलं होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, की कदाचित माझं नाव निघेल. मी गावातच जन्मलेला, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा. मी उंबऱ्यात असतानाच बा म्हणाला, "आमच्या घरातनं गौतम. माझं नाव काढंल तर ह्योच काढंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. घागरी खाली ठेवताना एकीचं पाणी हिंदकळून सांडलं. बानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ते तरी नीट आण की."

गौतमला निशाणी मिळाली छत्री, अप्पांना कपबशी. अप्पा दुकानात बसून गिऱ्हाइकांना म्हणायचे, "आभाळात ढग न्हाई आन् पोरगं छत्री घेऊन फिरलालंय." त्यावर गौतम बाजारात उभा राहून म्हणाला, "अप्पा, पाणी असंल तर तुमची कपबशी भरंल. आधी मला ते आणू द्या." अप्पासुद्धा हसले. गावभर ते बोलणं फिरलं. मी ते चार ठिकाणी ऐकलं आणि चारही ठिकाणी हसलो.

मला दिलेलं काम वेगळं होतं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांनी आधी मतं दिली होती, पण ती घरचं कुणी सांगेल तिथं, घाईगर्दीत. कितीतरी मतं बाद व्हायची. शिक्का दोन निशाण्यांच्या मधल्या रेघेवर पडायचा, किंवा कागद कसाही दुमडला जायचा. आणि सगळ्यात मोठी अडचण अंगठ्याची. सही येत नसलेल्या बाईचा डावा अंगठा जांभळ्या शाईच्या गादीवर दाबून पुस्तकात उरणाऱ्या अर्ध्या कागदावर उठवतात, आणि मग मतपत्रिका तिच्या हातात देतात. त्याच ओल्या अंगठ्यानं तिनं कागद धरला की त्यावर ठसा उठतो. मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल असं काही असलं की ते मत बाद. आमच्याकडे बाया कागदाला अंगठा दिला की लगेच तो केसांना पुसतात. रेशनच्या दुकानात, सोसायटीत, कुठंही. पण निवडणुकीच्या खोलीत पोलीस, साहेब, टेबलं बघून त्या गांगरतात, दोन्ही हात समोर धरतात आणि डोक्यावरचा पदर मागे सारायला लाजतात. हे सगळं गौतमनं ओळखलं होतं. तो म्हणाला, "एक एक मत लागंल मामा. बायांना घरोघर जाऊन शिकवावं लागंल." बा माझ्याकडे वळून म्हणाला, "नामा शिकवंल. एवढं तरी जमंल ना रे तुला?"

मी शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर छत्री आणि कपबशी काढली. कपड्यांना घालायची नीळ वाटीत कालवून तिची शाई केली. दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळाचा शिक्का केला. घरोघर बसून एकेकीला तीन-तीनदा करायला लावलं. "अंगठा दिला की काय करायचं?" मी विचारायचो. "केसाला पुसायचा!" त्या हसत ओरडायच्या. गयाबाई सगळ्यांत चलाख. लग्नाकार्याला मोठ्या चुलींवर स्वयंपाक करणारी बाई, हात कायम काजळलेले. ती म्हणाली, "नामू, माझा हात आधीच काळा, सरकार आनिक जांभळा करनार व्हय?" आणि निळीचा अंगठा तिनं आपल्या पांढऱ्या केसांना असा पुसला की कपाळावर पट्टा उमटला. सगळ्या बाया हसून लोळल्या. तिनं कागद फक्त कडेला, दोन बोटांत धरला. मी स्वतः बघितलं.

राहीआत्याला मी सगळ्यांत शेवटी शिकवलं, मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी. ती घरातलीच, म्हणून राहून गेली होती. ती माझ्यासाठी धपाटे करत होती. हो, माझ्यासाठी. गौतमला धपाटे आवडायचे नाहीत. घरात मला काय आवडतं हे लक्षात ठेवणारी तेव्हा ती एकटीच होती. हात धुऊन ती माझ्यासमोर बसली. शिक्का छत्रीवर बरोबर मध्यभागी मारला. कागद उभा, मग आडवा दुमडला. तिच्या डाव्या अंगठ्यावर विळ्यानं कापल्याची जुनी तिरपी खूण होती. निळीत बुडवून ठसा घेतला की मधोमध पांढरी रेघ दिसायची. मी तिच्याकडून सगळं करून घेतलं, फक्त केसांचं बोललो नाही. विसरलो होतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेवढ्यात ती, आपल्याच नादात, निळ्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "माझा गौतम मेंबर व्हनार. तुझा बा काल म्हनत व्हता, राही, तुझ्या पोटी हिरा निपजला बघ. नामा, तू बी त्याच्यासारखा शिकला असतास तर दोघं भाऊ जोडीनं..." ती माझ्या भल्यासाठीच बोलत होती. मग तिनं अंगठा माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "हे असं बोटाला ऱ्हायलं तर चालतंय का रे? कागदाला लागलं तर?"

मी म्हणालो, "काय व्हत न्हाई आत्या. ऱ्हाऊ दे."

एवढंच. तेव्हा मी काही ठरवलं होतं का? एका मतानं काय होतंय, असं मी त्या क्षणी मनाशी म्हणालो, हे मला स्पष्ट आठवतं. माझी नात परवा पहिल्यांदा मत द्यायला निघाली तेव्हा हेच म्हणाली, "आजोबा, माझ्या एका मतानं काय फरक पडणारे?" तिच्या तोंडी ते आळसाचं बोलणं होतं. माझ्या तोंडी ती पळवाट होती. गौतमला हरवायचं होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीला पाणी मलाही हवंच होतं. त्याच्या त्या भरलेल्या ताटातून एक घास कमी व्हावा आणि तो त्याला कळूही नये, एवढंच मला हवं होतं.

मतदान शांततेत झालं. आत्या नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घट्ट ओढून गेली आणि पाचच मिनिटांत बाहेर आली. मग गयाबाई बाहेर आली. एका बोटाला काळी शाई आणि अंगठा जांभळा असा डावा हात उंच धरून ती रांगेतल्या लोकांना म्हणाली, "बघा रे, दोनी रंगानं रंगवलं मला!" शाई कितीही पुसली तरी कातडीवर थोडी राहतेच. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो तिचा उंच केलेला जांभळा अंगठा.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी निलंग्याला तहसीलमध्ये झाली. टेबलाच्या एका बाजूला अप्पा आणि त्यांचा पुतण्या, दुसऱ्या बाजूला गौतम आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून मी. छत्रीच्या गठ्ठ्याशेजारी कपबशीचा गठ्ठा, दोन्ही सारखेच वाढत होते. आधी रेघेवर शिक्के पडलेले दोन्हीकडचे काही कागद बाद झाले, त्यावर वाद झाला नाही. मग साहेबांनी एक कागद उलगडला आणि थांबले. छत्रीवर शिक्का अगदी मध्यभागी. खाली कडेला जांभळं काहीतरी. साहेबांनी तो उजेडाकडे धरला. "हा डाग आहे की ठसा?" ते म्हणाले. "डाग असेल तर मत धरतो. ठसा असेल तर बाद. बघा आणि बोला."

कागद आधी माझ्यासमोर आला. खालचा भाग पुसट होता, पण वर मधोमध तिरपी पांढरी रेघ होती. "डाग आहे साहेब" एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी कागद गौतमकडे सरकवला. त्यानं तो बघितला. जरा जास्त वेळ बघितला. मग खाली ठेवला आणि म्हणाला, "ठसाच आहे साहेब. बाद करा."

अप्पांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. साहेबही बघत राहिले. आणि मी? मला त्या क्षणीसुद्धा त्याचा हेवा वाटला. किती सरळ माणूस, स्वतःचं मत स्वतःच्या तोंडानं बाद करतो, आता हेही गावभर होणार, असं माझ्या मनात आलं. त्यानं आईचा अंगठा ओळखला असेल, अशी शंकाही मला आली नाही.

गौतम एका मतानं पडला. फेरमोजणी झाली, तरी तेच. ते मत धरलं असतं तर दोघांची मतं सारखी झाली असती आणि चिठ्ठी टाकून निकाल लागला असता. चिठ्ठी कुणाचीही निघाली असती, म्हणून दोष फार तर अर्धा माझा, हा हिशेब मी पुढे इतक्या वेळा मांडला की त्याची धार बोथट झाली. बोअर बाजारगल्लीत झाला. पाणी चांगलं लागलं. अप्पांनी आमच्या बायांना हातपंपावर कधी अडवलं नाही. पण नंबर शेवटचा असायचा, आणि माझी माय त्या उन्हाळ्यात तिथल्या रांगेत दोनदा चक्कर येऊन पडली.

एका अंगठ्यापायी जागा गेली, ही बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. त्याच संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. कुणाचा अंगठा, कुणाचा अंगठा, असं चाललं असताना कुणीतरी म्हणालं, "अजून कुनाचा? ती हात वर करून नाचत नव्हती का!" गयाबाईला बोलावलं. ती म्हणाली, "म्या पुसला व्हता. नामूला इचारा, त्यानंच शिकिवलं. नामू, सांग की रे."

सगळे माझ्याकडे बघत होते. राहीआत्या आत, चुलीपाशी बसलेली, तिला सगळं ऐकू जात होतं. मी म्हणालो, "मी सगळ्यांना शिकवलं होतं. आता आत जाऊन कुणी काय केलं, मला काय ठावं?"

गयाबाईनं माझ्याकडे बघितलं. उठली आणि गेली. त्यानंतर तिनं एकदाही मत दिलं नाही. गल्लीतल्या लग्नांचा स्वयंपाकही हळूहळू दुसऱ्यांकडे गेला, पाणी भरताना बाया तिला टोमणे मारत, "जा, तुझ्या अंगठ्यानं हापस." मी इथं लिहून देतो की तिचा अंगठा स्वच्छ होता आणि मी ते जाणत होतो.

गौतम महिन्याभरात नांदेडला गेला. पुढे त्याला रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली, आणि तो आईला घेऊन गेला. त्यानं लिहिलेल्या अर्जावर मलाही लातूरला शिपायाची नोकरी लागली, तिच्यावरच माझी पोरं शिकली. बा त्यानंतर माझ्यावर जास्त माया करेल, असं मला कुठंतरी वाटलं असावं. तो गौतमच्या पत्रांची वाट बघत म्हातारा झाला. पत्र आलं की मला वाचायला लावायचा, आणि मधेच थांबवून म्हणायचा, "तो वाचतो तसं वाच की जरा."

कमल गेल्यावर मला हे पोटात ठेवणं जमेना. गेल्या हिवाळ्यात मी नांदेडला गेलो. गौतमचं घर गोदावरीच्या अलीकडे, गुरुद्वाऱ्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तो आता पूर्ण पांढरा झाला आहे, ऐकायला कमी येतं. सुनेनं चहा आणला. राहीआत्या जाऊन बारा वर्षं झाली, तिचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. मी चहा तसाच ठेवून म्हणालो, "गौतम, तो बाद झालेला कागद गयाबाईचा नव्हता."

"माहीत हाय मला," तो म्हणाला. "आईचा व्हता. अंगठ्यावरची रेघ मला ओळखू येनार न्हाई का?"

तो शांतपणे बोलत होता, जुना झालेला विषय असल्यासारखा. "डाग म्हनलो असतो तर अप्पाच्या पुतण्यानं अंगठ्याचं पुस्तक मागितलं असतं. आईला तहसीलमदी उभं केलं असतं सगळ्यांपुढं. म्हनून म्हनलो, बाद करा. आन् गयाबाईवर आलं तवा गप बसलो. ते पाप माझं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "पन खरं सांगू नामा? राग गेला न्हाई माझा. येवढं शिकवून, स्वताच्या पोराच्या येळंला... त्याच्यानंतर कधी मत द्यायला नेलं न्हाई तिला. दर निवडनुकीला तयार होऊन बसायची. मी म्हनायचो, ऱ्हाऊ दे, तुला जमत न्हाई. सगळं घर जायचं, ती एकटी दारात बसून ऱ्हायची."

मी त्याला सांगितलं. केसांचं मी तिला शिकवलंच नाही. तिनं अंगठा पुढं करून मला विचारलं होतं, कागदाला लागलं तर चालतंय का. आणि मी काय उत्तर दिलं. त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून शेवटचं मला मोठ्यानं सांगावं लागलं.

मी वाट बघत होतो की तो मला मारेल, किंवा घराबाहेर काढेल. दोन्हीला मी तयार होतो. त्यानं काठी घेतली, उठला, आतल्या दाराशी गेला आणि हाक मारली. मुलगा आला, सून आली, कॉलेजातली नात कानातली वायर काढत आली. "बसा सगळे," तो म्हणाला. त्यांना बसवून तो स्वतः मात्र उभा राहिला, दाराला टेकून. "ह्ये तुमचे नामाकाका. आता मला जे सांगितलं ते पहिल्यापासून परत सांगतेत. मधी कुनी बोलायचं न्हाई."

मी सांगितलं. नीळ, रीळ, लग्नपत्रिका, धपाटे, तिचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. गौतमकडे न बघता सांगितलं. मुलगा जमिनीकडे बघत होता. आजीला घरी ठेवून तोही किती वेळा मत द्यायला गेला असेल. शेवटी नातीनं विचारलं, "पण आजोबा, पणजीला हे कळलं होतं का? की चूक तिची नव्हती?"

मी फोटोकडे बघितलं. त्या संध्याकाळी ती चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. नंतर नांदेडला निघायच्या दिवसापर्यंत ती त्याच घरात होती, माझ्या ताटात वाढत होती. तिला काय कळलं होतं, हे जाणून घ्यायला मला एक प्रश्न पुरला असता.

"माहीत न्हाई बाळा," मी म्हणालो. "मी विचारलं न्हाई."